गावात दिव्यांगांचे खेळ सुरू करताना: आधी माणसं, मग वाट, चेंडू सगळ्यात शेवटी

दरवर्षी नोव्हेंबर लागला की फोन येऊ लागतात. "भाऊ, तीन डिसेंबरले दिव्यांगाईच्या स्पर्धा घ्याच्या हायेत. सामान काय काय आना लागन?"

मी विचारतो, गावात दिव्यांग किती? उत्तर येतं, असतील वीस-पंचवीस. त्यातले मैदानापर्यंत कितीजण येऊ शकतात? यावर पलीकडचा माणूस गप्प होतो.

पहिल्या वर्षी मीही असाच गप्प झालो होतो. देणगी मिळाली, आधी सामान घेतलं, मग मंडप टाकला, मग माणसं बोलावली. तीन तास भाषणं झाली आणि वीस मिनिटं खेळ. चाळिशीतली एक ताई, दोन्ही पायांना पोलिओ, सकाळपासून पाण्याचा घोट न घेता उन्हात बसून होती, कारण तिथल्या संडासाला तीन पायऱ्या होत्या. हे मला दुपारी कळलं. सामान कपाटात गेलं, कपाटाला कुलूप लागलं आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत ते कोणी उघडलं नाही.

खालचे टप्पे वर्षातून एकदा होणाऱ्या समारंभासाठी नाहीत. विदर्भातल्या साध्या गावात, दर आठवड्याला एक तास, वर्षभर चालेल असा खेळ उभा करायचा असेल त्यांच्यासाठी हे लिहिलंय. टप्प्यांचा क्रम बदलू नका. पहिल्या टप्प्यापासून चेंडू हातात येईपर्यंत आम्हाला साधारण दीड महिना लागतो. तेवढा वेळ द्या.

टप्पा १: यादी घरोघरी फिरून करा

ग्रामपंचायतीत दिव्यांगांची एक यादी असते, आशाताईंच्या वहीत दुसरी आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे शाळकरी मुलांची तिसरी. तिन्ही मागून घ्या, एकमेकींशी जुळवा आणि त्या अपुऱ्या आहेत असं धरूनच फिरायला निघा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. गावाला मात्र कुबडी, काठी किंवा चाकाची खुर्ची दिसली तरच दिव्यांग दिसतो. त्यामुळे सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलगी, कुष्ठरोगातून बरे झालेले काकाजी, कमी ऐकू येणारा सालगडी, मानसिक आजारावर गोळ्या घेणारी सून हे सगळे यादीबाहेर राहतात. शाळेत कधीच न गेलेली मुलं तर एकाही वहीत सापडत नाहीत. ती शोधायला शेजारच्या घरी विचारावं लागतं.

फिरायची वेळ संध्याकाळची ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घराला कुलूप असतं किंवा घरात फक्त तो दिव्यांग माणूस एकटा असतो, आणि परक्याने अशा वेळी दारात उभं राहणं बरं नाही.

वहीत प्रत्येकाला एक पान द्या. त्यावर एवढं लिहा: नाव आणि वय, हलतो-चालतो कसा, बोलतो कसा, समजून कसं घेतो, गोळ्या कोणत्या, फिट, सिकलसेल, अंगाचा बधिर भाग, संडासला मदत लागते का, सोबत कोण येईल, आणि काय खेळायला आवडेल. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. तो त्या माणसालाच विचारा. आई-वडील मध्ये बोलतील, त्यांचं ऐकून घ्या आणि पुन्हा त्याच्याकडे वळा. पस्तीस वर्षांच्या एका माणसाने मला सांगितलं होतं की त्याला आयुष्यात एकदा कोणाला तरी आउट करायचं आहे. घरच्यांना हे माहीत नव्हतं.

आया एक गोष्ट हमखास म्हणतात: "माह्यं पोट्टं पडलं तं कोन पाहीन?" त्यांच्याशी वाद घालू नका. पहिले चार आठवडे तुम्हीच बाजूला बसा, असं सांगा. त्यांच्यासाठी सावलीत चटई टाका.

*इशारा:* दवंडी देऊन किंवा वॉट्सॲपवर निरोप टाकून माणसं येत नाहीत. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ते तर मुळीच येत नाहीत.

*तपासा:* यादीत बाया-मुली किती आहेत? निम्म्याच्या जवळ नसतील तर घरं सुटलीत. पुन्हा फिरा.

टप्पा २: वाट चालून पाहा

आता प्रत्येक घरापासून मैदानापर्यंतची वाट स्वतः चाला. शक्य असेल तर चाकाची खुर्ची ढकलत चाला. काळ्या मातीचा रस्ता उन्हाळ्यात भेगाळतो आणि कुबडीचं टोक भेगेत अडकतं. पावसाळ्यात तीच माती चाकाला अशी चिकटते की खुर्ची जागची हलत नाही. नालीवरचं झाकण गेलेलं असतं. कुंपणाची काटेरी तार वाटेवर लोंबत असते. हे सगळं वहीत लिहा आणि मुरूम कुठे टाकायचा, फरशी कुठे ठेवायची ते सरपंचांना दाखवा. दोन टोपली मुरमाने होणारं काम असतं, पण ते कोणी दाखवलेलं नसतं.

ज्यांना चालत येणं जमत नाही त्यांच्यासाठी ऑटो आधी ठरवा. एकच ऑटोवाला, तोच दिवस, तीच वेळ. बाजाराच्या दिवशी ऑटो मिळत नाही, म्हणून तो दिवस टाळा. शेजारच्या गावांतून येणाऱ्यांना साध्या एसटीत दिव्यांग प्रवाशांसाठीची ७५ टक्के सवलत आहे. कार्ड सोबत ठेवायला सांगा, आणि बस परत जायच्या वेळेला धरूनच खेळाची वेळ ठरवा.

दिव्यांगांचं सरकारी वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) अजून न निघालेल्यालाही खेळायला घ्या. एका गावात आयोजकांनी दारातच कार्ड मागितलं आणि सहा जण परत गेले. कार्डाचं काम जिल्हा रुग्णालयात सवडीने होईल, खेळ त्यासाठी थांबवू नका.

वेळेचं म्हणाल तर मार्च ते जूनपर्यंत सकाळी ६ ते ७. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आठ वाजताच लोखंड हाताला चटका देतं. थंडीत सकाळची घाई करू नका, दुपारी चार ते पाच बरं. जूनच्या शेवटी पेरणी, धानपट्ट्यात त्यानंतर रोवणी, ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापूस. गडचिरोली-गोंदियाकडे मेमध्ये तेंदूपत्ता. या दिवसांत सोबत येणारा माणूस मोकळा नसतो. तेव्हा खेळ बंद करू नका, पण मदतनीस वाढवा.

टप्पा ३: संडास, पाणी, सावली आणि मग जमीन

लोक मैदान आधी पाहतात आणि संडास शेवटी. आम्ही उलटं करतो. चाकाची खुर्ची आत जाईल एवढं दार हवं, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास. आत धरायला दांडी हवी, कडी आतून लागायला हवी आणि पाणी बादलीत हाताशी हवं. हे नसेल तर बाया पाणी पिणं सोडतात. पाणी सोडलं की लघवीचा त्रास, चक्कर, आणि सिकलसेल असेल तर त्याहून वाईट.

उताराचं गणित सोपं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. समाजमंदिराला सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असतील तर उतार बारा फुटांचा. बऱ्याच ठिकाणी चार फुटांत काम उरकलेलं असतं. त्यावरून खुर्ची ढकलता येत नाही आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. असा उतार असेल तर खुर्चीची पाठ उताराकडे करून, मदतनीस खालच्या बाजूला राहून, हळू उतरवा.

जमिनीचं म्हणाल तर बसून खेळायच्या खेळांना समाजमंदिराची फरशी सगळ्यात चांगली. धावण्या-फेकण्याला शाळेचं मैदान. शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी लेखी घ्या आणि अर्जात २०१६ च्या कायद्याचं खेळांविषयीचं कलम ३० नमूद करा. मैदान खराट्याने झाडून घ्या. बाभळीचा एक काटा चाकाची ट्यूब फोडतो, आणि ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याच्या तळव्यात तो दिवसभर राहू शकतो.

अंध खेळाडू असतील तर भोंग्यापासून लांबची जागा घ्या. त्यांचा खेळ कानावर चालतो.

*तपासा:* पाण्याचा माठ सावलीत आहे का? पेला असा आहे का, की हात थरथरणाऱ्यालाही धरता येईल? दोन कानांचा कप घरात असतोच.

टप्पा ४: तब्येतीचं पान वाचा

हा टप्पा वगळला तर जिवावर बेतू शकतं. वहीतली पानं घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, डॉक्टरांसमोर बसा आणि कोणाला काय जपायचं ते लिहून घ्या. आपल्या भागात पाच गोष्टी वारंवार समोर येतात.

*सिकलसेल.* पूर्व विदर्भात आणि मेळघाटात हा आजार बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या कार्डावर एस-एस (आजार असलेला) लिहिलंय की ए-एस (फक्त वाहक), ते पाहा. एस-एस असलेल्या मुलांना खेळू द्यायचंच, पण दमेपर्यंत पळवायचं नाही. खेळाआधी पाणी, मध्ये दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी, नंतरही पाणी. 'आणखी एक फेरी मार' असं म्हणायचं नाही. थंडीत ओल्या कपड्यांवर बसू द्यायचं नाही. छातीत दुखणं, धाप, सांध्यांत असह्य कळ किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. ए-एस असलेल्यांनीही उन्हात जीव तोडून पळू नये.

*मणक्याची इजा.* विहिरीत पडून, झाडावरून किंवा बैलबंडीवरून पडून कमरेखाली बधिर झालेले तरुण प्रत्येक मोठ्या गावात आहेत. त्यांच्या बुडाला, टाचांना कळत नाही, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायला लावा. घरी गेल्यावर त्वचेवर लाल डाग राहिला का, ते आरशात पाहायला सांगा. इजा छातीच्या वर असेल तर अंगाला नीट घाम येत नाही. अशा खेळाडूच्या मानेवर, हातांवर ओला पंचा ठेवा. त्याचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम फुटला, तर झोपवू नका. सरळ बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, लघवीची नळी मुरगळली आहे का ते पाहा. लगेच उतार पडला नाही तर दवाखाना गाठा.

*फिट.* भोवतालचं सामान बाजूला करा, फिट ओसरू लागली की कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. पाच मिनिटांपुढे गेली तर १०८. फिट येणाऱ्यांसाठी आणि एकूणच या कार्यक्रमासाठी विहिरीत, तलावात पोहणं नको.

*कुष्ठरोगातून बरे झालेले.* हातापायाला भाजलेलं, कापलेलं कळत नाही. एमसीआर रबराची (बधिर पायांसाठीच्या खास मऊ रबराची) चप्पल घालूनच खेळायचं, आणि खेळ संपल्यावर तळवे-तळहात समोर बसून पाहायचे. त्यांच्या शेजारी बसायला कोणी कचरत असेल तर तुम्ही आधी बसा.

*डाउन सिंड्रोम.* काहींच्या मानेचे मणके सैल असतात. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कोलांटी, डोक्यावर उभं राहणं, मानेवर भार येईल असं काहीही नको.

मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांमुळे ऊन सोसत नाही, हेही डॉक्टरांना विचारून पानावर लिहा.

*इशारा:* ही वही गावात फिरता कामा नये. ती एकाच माणसाकडे राहील. एखादी मुलगी गोळ्या घेते हे तिच्या सासरी खेळाच्या वहीतून कळलं, तर तुम्ही तिचं नुकसान केलंत.

टप्पा ५: मदतनीस शिकवा

आठ-दहा खेळाडूंमागे चार मदतनीस पुरतात. नववी-दहावीची मुलं, बचत गटाच्या ताया, शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी, कोणीही चालेल. त्यांना एक संध्याकाळ बसवून शिकवा.

आधी विचारायचं, मग हात लावायचा. खुर्ची हे त्या माणसाचं अंगच समजायचं. न विचारता ढकलायची नाही, तिला टेकून उभं राहायचं नाही. अंध माणसाला हाताला धरून ओढायचं नाही, आपलं कोपर त्याला धरू द्यायचं आणि अर्धं पाऊल पुढे चालायचं. कमी ऐकणाऱ्याशी बोलताना आपल्या तोंडावर उजेड असावा, सूर्य आपल्या पाठीशी नसावा. शिट्टीच्या जोडीला रंगीत फडकं ठेवायचं. बौद्धिक दिव्यांग असलेल्यांना एका वेळी एकच सूचना, आणि ती करून दाखवायची. तीस वर्षांच्या माणसाला 'बाळा' म्हणायचं नाही.

मैदानावर प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारायची. गावात व्यंगावरून पडलेली नावं इतकी रुळलेली असतात की खरं नाव मदतनिसांनाही माहीत नसतं. पहिल्या दिवशी नावांच्या चिठ्ठ्या छातीवर लावा.

मुलांना सगळ्यात अवघड जातं ते थांबणं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेला चौदा वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा चेंडू टाकायला बसला होता. हात वर गेला, पण बोटं उघडेनात. मनगट आत वळत होतं, खांदा कानाला लागला होता. दोन मदतनीस पुढे सरसावले, त्याच्या वडिलांनी हातानेच त्यांना थांबवलं. आम्ही बघत राहिलो. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट, आणि चेंडू हातातून निसटून तीन हातांवर पडला. त्याने वडिलांकडे पाहिलं आणि दुसऱ्या चेंडूसाठी हात पसरला. चेंडू सुटायला दहा-बारा सेकंद लागले असतील. मदतनिसांना हे आकडे मोजायला शिकवा: मनात वीसपर्यंत मोजल्याशिवाय पुढे व्हायचं नाही.

टप्पा ६: खेळ निवडा, सामान गावातच करा

आता चेंडू. सुरुवातीला दोनच खेळ घ्या, एक बसून खेळायचा आणि एक फेकण्या-धावण्याचा. कॅरम आणि बुद्धिबळ चांगलेच, पण बरेच कार्यक्रम तिथेच थांबतात आणि अंग हलायचं राहून जातं.

बोचिया हा माझा पहिला आग्रह, कारण ज्याला दुसरा कोणताच खेळ खेळता येत नाही त्यालाही हा येतो. एक पांढरा चेंडू, सहा लाल, सहा निळे. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला चेंडू न्यायचा. स्पर्धेचं मैदान १२.५ बाय ६ मीटरचं असतं. समाजमंदिर लहान असेल तर आहे तेवढ्यात खेळा. खेळाडू बसूनच टाकतो. हाताने टाकता येत नसेल तर पायाने, तेही नसेल तर उतरणीवरून.

चेंडू असा करा. खरा चेंडू २७५ ग्रॅमच्या आसपास आणि घेर २७ सेंटिमीटर. जाड मोज्यात पाव किलोहून थोडी जास्त ज्वारी भरली की जवळपास तेवढाच चेंडू होतो. ज्वारी दाबून भरू नका, चेंडू थोडा लेचापेचा राहिला पाहिजे म्हणजे तो पडेल तिथे बसतो. वरून दुसरा मोजा उलटा चढवा आणि शिवा. पावसाळ्यात ज्वारीला सोंडे लागतात. म्हणून जूनआधी मोजे उसवा, ज्वारी काढून कोंबड्यांना टाका आणि नवी भरा.

उतरणीसाठी शेतात वापरतात तो चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून घ्या. त्या पन्हाळीतून साडेआठ सेंटिमीटर व्यासाचा हा चेंडू बरोबर घरंगळतो. कडा कानशीने घासा. पन्हाळीची दिशा खेळाडू सांगेल, मदतनीस फक्त हलवेल. स्पर्धेच्या नियमात हा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो, मागे वळून पाहू शकत नाही. गावातही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. नाहीतर काकाच खेळतात आणि पुतण्या बघत बसतो.

बसून व्हॉलीबॉल पोलिओ असलेल्यांना, पाय गमावलेल्यांना आणि त्यांच्या धडधाकट मित्रांनाही एकत्र खेळता येतो. मैदान १० बाय ६ मीटर, जाळीची उंची पुरुषांना १.१५ मीटर, बायांना १.०५. चेंडू मारताना बूड जमिनीवरच हवं. दोन खांबांना दोरी आणि तिच्यावर जुनी साडी, एवढ्यावर सराव होतो. ज्यांच्या बुडाला संवेदना नाही त्यांना हा खेळ देऊ नका. घसरताना कातडी सोलली तरी त्यांना कळत नाही.

बसून फेक, म्हणजे गोळा, थाळी, भाला. खुर्ची गावातल्या वेल्डरकडून करून घ्या. गादीसकट उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, हा स्पर्धेचाही नियम आहे. खुर्चीचे चारही पाय जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधा. माणसाला बांधायला खाटेची नवार घ्या. ती रुंद असते, मांडीला रुतत नाही. दोर वापरू नका. फेक सुरू असताना समोरच्या भागात कोणीही असता कामा नये, चेंडू आणायला गेलेलं पोरही नाही.

अंध खेळाडूंसाठी आवाजाचा चेंडू. पोळ्याच्या बाजारात घुंगरं स्वस्त मिळतात. प्लॅस्टिकच्या पोकळ चेंडूला काप देऊन चार-पाच आत टाका आणि काप पक्का बंद करा. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू खालून टाकतात. गोलंदाज 'रेडी?' विचारतो, फलंदाज 'येस' म्हणतो, गोलंदाज 'प्ले' म्हणून सोडतो. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. प्रेक्षकांना सांगा: चेंडू फिरत असताना गप्प, टाळ्या नंतर. धावायचं असेल तर सोबत्याबरोबर, दोघांच्या हातांत मऊ सुती दोरीचा एकेक फास. सोबती ओढणार नाही, फक्त सांगेल. आधी दोन आठवडे नुसतं चाला, मग पावलं जुळली की पळा. खेळाआधी मैदानाची कड एकदा हाताने-पायाने ओळखू द्या. फरशीवर सुतळी ठेवून वरून चिकटपट्टी लावली की पायाला रेष कळते. फक्कीची रेष त्यांच्या काही कामाची नाही.

*इशारा:* विटी-दांडू, काठ्यांचे खेळ आणि सगळ्यांची मिळून एकच धावशर्यत टाळा. कुबडीवाला आणि कर्णबधिर मुलगा एका रेषेवर उभे केले की पहिला कोण येणार हे सगळ्यांनाच माहीत असतं.

टप्पा ७: पहिला तास

पहिली दहा मिनिटं नावं आणि पाणी. पुढची दहा मिनिटं बसल्या जागी मान, खांदे, मनगटं. ज्याचं अंग आखडतं त्याला झटका देऊन ताणू नका, हळू हलवा. मग पंचवीस मिनिटं खेळ, मध्ये एकदा पाण्यासाठी थांबून. शेवटची पंधरा मिनिटं श्वास, पाणी, त्वचा पाहणं आणि पुढच्या आठवड्यात काय हवं ते विचारणं. दर आठवड्याला हाच क्रम ठेवा. बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मुलांना पुढे काय येणार हे ठाऊक असलं की ती निवांत असतात.

पाहुणे, हारतुरे, भाषण नको. फोटोसाठी प्रत्येकाची आणि मुलांच्या पालकांची वेगळी परवानगी घ्या. देत नसतील तर मोबाइल खिशात.

गुण नीट मोजा. हरलेल्याला हरलेलंच लिहा. सगळ्यांना सारखी स्टीलची वाटी देऊन पाठवणं खेळाडूंना आवडत नाही. त्यांनी मला ते स्पष्ट सांगितलंय.

*तपासा:* तासाभरात प्रत्येकाच्या हातात चेंडू किती वेळा आला? एका मदतनिसाला फक्त हेच मोजायला बसवा. दहापेक्षा कमी असेल तर रांगा लांब आहेत, गट छोटे करा.

टप्पा ८: पैसे

दिव्यांग कल्याणासाठी ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के खर्च करायचे असतात, आणि त्यातून वैयक्तिक मदतीबरोबर सामूहिक कामंही होतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि ग्रामसभेत खेळाडूंनाच बोलू द्या. पण काही गावांत हा पैसा थोडाथोडा करून घरोघरी वाटला जातो आणि कोणाची तरी गोळ्या-औषधं त्यावर चालतात. आधी सगळ्यांना बसवून विचारा. मी तरी या निधीतून उतार आणि संडास मागतो, चेंडू मोज्याचे करतो.

टप्पा ९: पुढचे महिने

तीन-चार महिन्यांनी कोणी स्पर्धेला जायचं म्हणेल. तेव्हा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. पॅरा स्पर्धांत वर्गीकरण होतं, म्हणजे कोणाची हालचाल किती यावरून गट ठरतो, त्यासाठी वैद्यकीय कागद लागतात. कर्णबधिरांच्या स्पर्धा वेगळ्या असतात. बौद्धिक दिव्यांगांसाठी स्पेशल ऑलिंपिक्स भारत आहे, तिथे आठ वर्षांपासून पुढच्यांना स्पर्धेत उतरता येतं. मात्र एका गुणवान मुलाच्या मागे लागून बाकीच्या नऊ जणांचा तास बुडवू नका.

हजेरी दर आठवड्याला लिहा. सलग दोनदा कोणी आलं नाही तर तिसऱ्या वेळेआधी घरी जा. फोन करू नका, जा. गेल्या भादव्यात आमचा एक जण असाच दोन आठवडे दिसला नाही. आवड संपली असेल, असं एक मदतनीस म्हणाला. घरी गेलो तर तो ओट्यावर बसलेला आणि चाकाची खुर्ची भिंतीला टेकवलेली. ट्यूबमध्ये बाभळीचा काटा होता. पंक्चरवाला बाजारात, बाजार सहा किलोमीटरवर, आणि घरच्यांची फवारणी सुरू. आम्ही सोल्यूशन आणि ठिगळ आणून तिथेच ट्यूब बसवली. तेव्हापासून सामानाच्या पिशवीत पंक्चरचा डबा आणि हवेचा पंप असतो. तुमच्याही पिशवीत ठेवा.